जुनी चेन सॉ की नवी चायना? आधी सायलेन्सर उघडून बघा

आमच्या दाजींचं रान कराडच्या अलीकडं. वळवाच्या वाऱ्यात बांधावरचा आंबा आडवा झाला, दोन बाभळी वाळून उभ्याच आहेत, आणि कुंपणाकडेची सुबाभूळ दरवर्षी छाटावी लागते. त्यांच्यापुढं झाडं कापायच्या दोन चेन सॉ मशीन आल्या. एक सांगलीच्या दुकानातली नवी ५८ सीसीची चायना, साडेसहा हजारांना. दुसरी पाटणकडच्या एकाची स्टिल (Stihl) या जर्मन कंपनीची एमएस २५०, वापरलेली, मालक म्हणतो आठ हजार. दाजींचा सवाल सरळ होता: "नवी स्वस्त आणि जुनी महाग, हे कसलं गणित?"

वर्षाला एखाद-दुसरंच झाड असेल तर दोन्ही घेऊ नका. मशीनवाला गडी बोलवा, दिवसाची हजेरी द्या, विषय संपला. दाजींकडं काम दरसालचं आहे, म्हणून पुढचं सगळं.

चायना मशीन मी स्वतः तीन वर्षं वापरली आहे, त्यामुळं तिला शिव्या घालायचा मला हक्क आहे, आणि तिची बाजू घ्यायचाही. कव्हरवर ५८ लिहिलेलं असतं. बोअर आणि स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची चाल) मोजला की बऱ्याचदा ५४-५५ सीसीच भरतात. तरी आंब्याचा बुंधा ती कापते, नाही असं नाही. माझ्या मशीनचा चेनला तेल देणारा ऑइल पंप दुसऱ्या पावसाळ्याच्या आत गेला. पंपाला फिरवणारा प्लॅस्टिकचा गिअर वितळला होता. मला कळलं तेव्हा चेन निळी पडलेली आणि बारमधून, म्हणजे चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीतून, धूर. दुकानदार म्हणाला, "तुम्ही ऑइल टाकलं नसणार." टाकी अर्धी भरलेली होती. पण तोच गिअर नंतर शेदीडशेत मिळाला आणि घरीच बसवला, हेही खरं. कार्ब्युरेटर, क्लच, अगदी सिलिंडर-पिस्टनचा जोडसुद्धा या मशीनला स्वस्तात आणि कुठंही मिळतो. स्क्रू मात्र आल्या दिवशीच सगळे आवळून घ्या, पहिल्या दोन टाक्यांत निम्मे ढिले होतात.

जुन्या एमएस २५०चं इंजिन ४५.४ सीसीचं, बार-चेन सोडून वजन ४.६ किलो. कागदावर ती चायनापेक्षा लहान दिसते. हातात घेतल्यावर फरक कळतो: दांड्याला रबराची गादी आहे, तासभर चालवून बोटं बधिर होत नाहीत. पण हे सगळं इंजिन आतून शाबूत असेल तर. जुन्या मशीनची किंमत ठरते पिस्टनवर, बाहेरच्या रंगावर नाही. स्टिलच्या नारिंगी-पांढऱ्या रंगाच्या नकला बाजारात आहेतच.

म्हणून बघायला जाताना आधी फोन करून सांगा, की मशीन चालू करून ठेवू नका. पोचल्या पोचल्या सायलेन्सरला हात लावा. गरम लागला तर चहा प्या, गार होऊ द्या. गरम मशीन कुणाच्याही हातानं एका ओढीत सुरू होते. खरा कस गार असताना. मग स्विच बंद करून, बारला कव्हर घालून, मशीन दोरीच्या मुठीला धरून अधांतरी सोडा. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चांगलं असेल तर ती थांबत-थांबत, एकेक हिसका देत खाली येते. सळसळत खाली आली तर पिस्टनच्या रिंगा गेल्या.

आता सायलेन्सर काढा. दोन-तीन बोल्टांचं काम आहे, पाच मिनिटं. मोबाइलची बॅटरी लावून एक्झॉस्टच्या भोकातून आत बघा आणि दोरी हळूहळू ओढा. समोरून पिस्टन वरखाली जाताना दिसतो. त्याची भिंत मऊ, करडी, आडव्या बारीक रेषांची दिसली तर मशीन घ्या. उभे ओरखडे असतील, काठी घासत नेल्यासारखे, तर कुणीतरी बिनऑइलचं पेट्रोल घातलंय किंवा हवेची गळती होऊन इंजिन कोरडं चाललंय. मालक सायलेन्सर उघडू देत नसेल तर तेच उत्तर समजायचं. "मशीन एक नंबर हाय पाव्हणं, उघडायची गरजच न्हाय" हे मी दोन ठिकाणी ऐकलंय. दोन्ही मशीन तिथंच सोडून आलो.

आणखी एक आपल्याकडची खास गोष्ट. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगली-वाळव्याकडची कितीतरी यंत्रं पाण्याखाली होती. त्यातली काही धुऊन-पुसून अजून फिरतायत. दोरीचं कव्हर काढलं की फ्लायव्हीलच्या मागं खाचेत वाळलेला गाळ सापडतो, बेअरिंग खरखर वाजतं. एमएस २५०मध्ये बेअरिंग आणि सील बदलायला आख्खं इंजिन बॉडीतून खाली घ्यावं लागतं. म्हणून पुरातली मशीन फुकट मिळाली तरी नको.

बाकीचं घरी होण्यासारखं आहे. पेट्रोलची नळी, टाकीतला फिल्टर, एअर फिल्टर, प्लग (गॅप ०.५ मिमी) आणि कार्ब्युरेटरचा डायाफ्राम (आतला पातळ पडदा), एवढं आधी बदलून टाका. रेस सोडल्यावरही इंजिन आपोआप चढत असेल तर कार्ब्युरेटरचे स्क्रू पिळत बसू नका, हवा कुठून आत जातेय ते शोधा. इथेनॉलनं जुना रबर लवकर खराब होतो आणि ते हवेतलं पाणीही ओढतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. आपणच कारखान्याला ऊस घालायचा, बिलाची वाट बघायची, आणि त्याच उसानं आपला डायाफ्राम खायचा! तेव्हा महिनाभर मशीन ठेवायची असेल तर टाकी रिकामी करून, उरलंसुरलं जाळून ठेवा.

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळताना मिक्सची गल्लत करू नका. स्टिलला चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलनं लिटरला २० मिली. चायनाला बहुतेक वेळा ४०. दोन्ही मशीन घरात असतील तर डबे वेगळे रंगवून ठेवा. चेनला जळकं ऑइल घालणारे पुष्कळ आहेत. त्यातला धातूचा कीस पंपात जातो.

चेन ब्रेक दोन्हीकडं तपासा: रेस देऊन मनगटानं पुढचा गार्ड ढकलला की चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. फार जुन्या मशीनला ब्रेकच नसतो, ती घेऊ नका. बारचं टोक फांदीला लागून मशीन तोंडाकडं उसळायला डोळ्याचं पातं लवायचाही वेळ लागत नाही.

नवी छोटी ब्रँडची मशीन हा तिसरा रस्ता. ३० सीसीच्या आसपासची, जळणाला आणि छाटणीला झकास, पण आंब्याच्या बुंध्याला रडते. किंमत चायनाच्या दुप्पट-तिप्पट. घरात उघडझाप करणारं कुणी नसेल तर मात्र तीच बरी.

दाजींचा मुलगा आयटीआयचा, पाना धरायला भीत नाही. म्हणून मी जुनीच्या बाजूनं पडलो. रविवारी पाटणला गेलो. सायलेन्सर गार होता, मालकानं स्वतःच पाना आणून दिला. पिस्टन स्वच्छ. ऑइलची नळी चिरलेली आणि बारची एक कड झिजलेली, ते दाखवून साडेसहा हजारांना सौदा झाला. नळ्या, फिल्टर, डायाफ्राम, प्लग आणि नवी चेन मिळून सव्वादोन हजार गेले. पहिल्या बाभळीत जुन्या कुंपणाची तार निघाली आणि नव्या चेनचे दहा-बारा दात गेले. दाजी आता ओट्यावर कानस घेऊन बसलेत.