तालुक्याचं सेतू केंद्र: खिडकीवर पाचपैकी पाच, आतल्या ऑफिसला दोन

मे-जून आला की घरोघरी दाखल्यांची पळापळ सुरू होते, म्हणून आमचा २०२५ चा अनुभव सविस्तर टाकतेय. हा रिव्ह्यू आमच्या तालुक्याच्या गावातल्या, तहसीलच्या आवारातल्या दाखल्यांच्या केंद्राचा आहे. बोर्डावर आपले सरकार सेवा केंद्र असं लिहिलंय पण आम्ही सगळे अजून सेतूच म्हणतो. तालुक्याचं नाव देत नाही, मला कुणाला खाली पाहायला लावायचं नाहीये, आणि बहुतेकांना हे वाचताना आपलाच तालुका आठवेल.

लेक बारावी सायन्स झाली, सीईटी दिली, पुढे इंजिनिअरिंगच्या कॅप राऊंडला, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीला, ओबीसीतून फॉर्म भरायचा तर नॉन क्रिमीलेअर (कुटुंब प्रगत गटात मोडत नाही असा दाखला) पाहिजे, आणि त्याच्या आधी तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला पाहिजे. उत्पन्नाचा तहसीलमधून निघतो, नॉन क्रिमीलेअर प्रांत ऑफिसमधून, म्हणजे एकाचं अडलं की दुसऱ्याला हातच लावता येत नाही.

पहिल्यांदा आम्ही स्टँडजवळच्या एका खासगी केंद्रात गेलो. तिथं मुलगा म्हणाला उत्पन्नाचे ३०० होतील, अर्जंट पाहिजे तर ५००, वर ५०० चा स्टॅम्प पेपर आणा. पावती मागितली तर म्हणाला पावती नसते काकू. रेट बोर्ड कुठंच नव्हता. मी तिथून उठले, आणि तुम्हीही उठा, कारण सरकारने एप्रिल २०२५ मध्ये सेवा शुल्क २० वरून ५० केलं तरी असा दाखला ६९ रुपयांत होतो, आधी तर ३३ रुपये ६० पैसे होते. आणि स्टॅम्प पेपरचं तर साफ खोटं आहे. जातीच्या, उत्पन्नाच्या, रहिवासाच्या दाखल्याला आणि सरकारी ऑफिसात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासूनच माफ आहे, मार्च २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी परत जाहीर करून सांगितलं. शिवाय ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने बऱ्याच ठिकाणी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं. तरीही जूनमध्ये स्टॅम्पसाठी रांगा लागतात. मजुरी बुडवून आलेल्या माणसाचे त्यात ५०० रुपये जातात, याचा मला खरंच फार राग येतो.

मग १३ मेला तहसीलच्या आवारातल्या केंद्रात गेलो. रांग मोठी होती पण टोकन होतं, बसायला बाकडं होतं, पाण्याचा जार भरलेला होता, आणि रेट बोर्ड खिडकीच्या वरच, नजरेसमोर. खिडकीवर एक पोरगी होती, पंचविशीची असेल. तिने अर्ज घ्यायच्या आधी सगळी ओरिजनल कागदं बघितली, ही गोष्ट मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिली. नाहीतर अर्ज घेतात, पैसे घेतात, आणि आठ दिवसांनी मेसेज येतो की अर्ज त्रुटीत काढला. तिने तिथंच सांगितलं, ताई, तलाठ्याचा अहवाल एकाच वर्षाचा आहे, तुम्हाला तीन वर्षांचा लागेल, आणि रेशनकार्डावर मुलीचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव यात एका अक्षराचा फरक आहे, हे आत्ताच स्वयंघोषणापत्रात लिहून द्या म्हणजे आत अडवणार नाहीत. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण गावात भाऊसाहेबच. भाऊसाहेब त्या दिवशी सज्जावरच, म्हणजे त्यांच्या ऑफिसातच होते म्हणून दुपारपर्यंत अहवाल मिळाला आणि त्याच दिवशी अर्ज भरला. स्कॅन केलेली कागदं स्क्रीन माझ्याकडे फिरवून दाखवली, नावाचं स्पेलिंग मलाच वाचायला लावलं. त्या पोरीला पाचपैकी पाच. तिचा पगार किती असेल मला माहीत नाही, पण अर्धं प्रशासन अशा खिडकीवरच्या माणसांवर चाललंय.

आता पावतीबद्दल बोलायचंय, माझ्या मते या सगळ्या सेवेत सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे. पावतीवर अर्जाचा नंबर असतो आणि दाखला किती दिवसांत द्यायचा तेही असतं. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस. ती मुदत म्हणजे ऑफिसने दाखवलेला अंदाज नाही, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे तो तुमचा हक्क आहे. २८ एप्रिल २०१५ पासून लागू आहे, दहा वर्षं झाली, आणि माझ्या ओळखीतल्या दहा लोकांना विचारलं तर एकालाही मुदतीचं माहीत नव्हतं, पावती पाकिटात घडी घालून ठेवतात आणि दाखला मिळाला की फेकून देतात.

आमचे १५ दिवस २८ मेला भरले. दाखला नाही. पोर्टलवर स्टेटस बघितलं तर डेस्क टू ला, म्हणजे आतल्या दुसऱ्या टेबलाच्या लॉगिनला, पेंडिंग. सुट्ट्या धरून अजून चार-पाच दिवस थांबले, मग आत गेले. पहिल्या टेबलावर सांगितलं साईट स्लो आहे. दुसऱ्या दिवशी साहेब मिटिंगला आहेत. तिसऱ्या दिवशी, उद्या या. एका खेपेला एसटीचे जाऊन-येऊन पैसे, माझं शिलाईचं काम बंद, आणि घरी लेकीचा चेहरा बघवत नाही, तिला वाटायला लागलं माझ्या एका दाखल्यामुळे सीट जाणार. आरडाओरडा कुणी केला नाही, अपमानही कुणी केला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण फाईल का थांबली हे एकानेही सांगितलं नाही, आणि न सांगणं हाच मला सगळ्यात मोठा दोष वाटतो. माणूस उशीर सोसतो हो, त्याला फक्त कारण आणि नवी तारीख पाहिजे असते.

शेवटी खिडकीवरच्या त्याच पोरीने हळूच विचारलं, ताई, अपील का टाकत नाही? मला अपील म्हणजे वकील, कोर्ट असं काहीतरी वाटत होतं. तसं काही नाही. मुदत संपली किंवा अर्ज फेटाळला की ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, ते त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे जातं, ज्या लॉगिनवरून अर्ज केला तिथूनच टाकता येतं. तिथं न्याय मिळाला नाही तर दुसरं अपील, त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग. कारण नसताना उशीर केला असं ठरलं तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड, तो त्याच्या खिशातून. मी ९ जूनला चार ओळी लिहिल्या: अर्जाचा नंबर, मुदत कधी संपली, मी किती वेळा आले, मुलीच्या ॲडमिशनला दाखला लागतोय. बस. १२ जूनला दुपारी मोबाईलवर मेसेज आला, दाखला तयार. नंतर कळलं की ज्यांच्या लॉगिनला आमचा अर्ज होता ते रजेवर होते आणि त्यांचं काम दुसऱ्या कुणाला दिलेलंच नव्हतं. म्हणजे तीन आठवडे आमचा अर्ज बंद खोलीत होता असं समजा, आणि आमच्यासारखे अजून किती असतील.

माझे वडील पंचायत समितीत शिपाई होते. लहानपणी घरी सहा गठ्ठे पद्धतीचं, म्हणजे ऑफिसातले कागद सहा गठ्ठ्यांत लावून ठेवायचं, बोलणं कानावर पडायचं. ८० च्या दशकात नगरला अनिलकुमार लखिना कलेक्टर होते, त्यांनी ऑफिसं झाडून काढली, कागदाला जागा ठरवली, चालू प्रकरणं वेगळी, प्रतीक्षेतली वेगळी, रेकॉर्ड रूमला जायची वेगळी, कुठल्या टेबलावर काय पडलंय ते कुणालाही दिसेल असं केलं, त्यालाच पुढे लखिना पॅटर्न म्हणायला लागले. पुढे २०१७ च्या सुमारास पुणे विभागात आयुक्त चंद्रकांत दळवींनी झिरो पेंडन्सी राबवली, आलेला कागद साठू द्यायचा नाही, रोजच्या रोज निकाली काढायचा. वडील सांगायचे, साहेब संध्याकाळी येऊन गठ्ठा बघायचे म्हणून टेबलं रिकामी व्हायची. आता गठ्ठा स्क्रीनच्या आत आहे, तो येता-जाता कुणाला दिसत नाही. म्हणून वाटतं, ऑफिसच्या बाहेर एक टीव्ही लावा आणि त्यावर रोज सकाळी दाखवा कुठल्या डेस्कला किती अर्ज, त्यातले मुदत संपलेले किती. अर्जदारांची नावं नकोत, नुसते आकडे. जानेवारी २०२५ ला मुख्यमंत्र्यांनी १०० दिवसांचा कार्यालय सुधारणा कार्यक्रम दिला होता, तेव्हा आमच्याकडेही रंगरंगोटी झाली, भंगार निघालं, महिलांसाठीचं स्वच्छतागृह उघडलं गेलं, हे खरंच चांगलं झालं आणि अजून टिकून आहे. पण रजेवर गेलेल्या माणसाचं लॉगिन त्याच दिवशी दुसऱ्याकडे द्यायचं, एवढा एक नियम पाळला असता तर आमच्यासारख्यांना रंगापेक्षा जास्त उपयोग झाला असता.

नॉन क्रिमीलेअरचं थोडक्यात. १३ जूनला अर्ज, मुदत २१ दिवसांची, आणि २५ जूनला दाखला हातात, प्रांत ऑफिसला एकदाही जावं लागलं नाही. इथं पूर्ण मार्क. एक गोष्ट मात्र लोकांना नीट सांगायला पाहिजे: आठ लाखांच्या मर्यादेत पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. रांगेत माझ्या पुढे एक शिक्षक होते, पगार जास्त म्हणून ते अर्जच करणार नव्हते, त्यांना त्या पोरीनेच थांबवलं आणि साहेबांना विचारून घ्या म्हणून आत पाठवलं. आईवडिलांच्या पदाचा नियम वेगळा असतो त्यामुळे प्रत्येकाने आपलं विचारून घ्यावं, पण अशी माहिती फळ्यावर मोठ्या अक्षरात असायला काय हरकत आहे. कायद्यानेच सेवा, मुदत, फी, अधिकाऱ्याचं नाव आणि अपील कुणाकडे करायचं ते लावणं बंधनकारक आहे. आमच्या ऑफिसात फळा आहे, पण आतल्या पॅसेजमध्ये, समोर कपाट. अपील अधिकाऱ्याच्या नावाची ओळ नेमकी कपाटामागे जाते. मी ते कपाट सरकवायची विनंती लेखी दिलीय, पोच घेतलीय.

आमच्या गावच्या ग्रामपंचायतीचंही सांगते, तिथं उलटा अनुभव आला. धाकट्याचा जन्माचा दाखला पाहिजे होता, २० रुपये फी, आणि तिसऱ्या दिवशी ऑपरेटरने फोन करून बोलावलं. मोठं ऑफिस नाही, एसी नाही, पण ग्रामपंचायत अधिकारी दर मंगळवारी आणि शुक्रवारी गावात असतात असं दारावर लिहिलंय आणि त्या दिवशी ते खरोखर असतात. म्हाताऱ्या माणसाला एवढं पुरतं.

जाणाऱ्यांसाठी: दहावी-बारावीचा निकाल लागायची वाट बघू नका, जानेवारी-फेब्रुवारीत खिडकी रिकामी असते, शाळेत महाराजस्व अभियानाचं, म्हणजे महसूल खात्याचं दाखल्यांचं, शिबिर लागलं तर तिथंच कागदं द्या. नॉन क्रिमीलेअरवर मुदत कुठल्या ३१ मार्चपर्यंत आहे ते वाचून घ्या. पावतीचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलवर ठेवा, आणि मुदत ज्या दिवशी संपते त्या दिवसाचा अलार्म लावा. सकाळी साडेदहाच्या आत पोचलात तर एका तासात मोकळे होता, सोमवारी जाऊ नका, आमच्याकडे बाजार असतो.

ऑगस्टमध्ये धाकट्याचं डोमिसाईल काढायचंय. त्याच खिडकीवर जाणार आहे. कपाट सरकलं का ते बघून इथं अपडेट टाकते.