अक्रोडाच्या भावात आंब्याचं टेबल

नाशिकमध्ये नवीन फ्लॅटचं काम काढलं की इंटिरियरवाल्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो वॉलनट, म्हणजे अक्रोड. सागवानात आपल्याला फसवणं तसं अवघड आहे. पंचवटीतल्या वाड्यांचे खांब, तुळया, दरवाजे बघत आपण मोठे झालो, सागाचा वास आणि तेलकट स्पर्श हाताला ठाऊक असतो. अक्रोडाचं लाकूड मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी हातात घेतलंय, आणि नेमकं तेच हेरून धंदा चाललाय. आमच्याकडून टेबल आणि सहा खुर्च्यांचे १,९०,००० रुपये घेतले आणि हातात दिलं रंगवलेलं आंब्याचं लाकूड. आणखी कुणाचे पैसे असे जाऊ नयेत म्हणून सगळं लिहिते आहे. दुकानाचं नाव देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे.

सातपूरच्या वर्कशॉपमध्ये आम्हाला जे दाखवलं ते खरं होतं, हे आधी सांगते. तिथे भिंतीला टेकवून ठेवलेल्या फळ्या अस्सल अमेरिकन काळ्या अक्रोडाच्या होत्या. गाभ्याकडे चॉकलेटी रंग, त्यात किंचित जांभळट झाक, मधूनच काळपट रेघा, आणि सालीकडच्या कडेला दुधी पांढरा पट्टा. मालकाने रंधा मारून दाखवला, ओलं बोट फिरवून रंग कसा खुलतो तेही दाखवलं. "ताई, सॉलिड वॉलनट आहे, पिढ्यान्‌पिढ्या टिकेल." व्हॉट्सअ‍ॅपवरही त्याने "सॉलिड अमेरिकन वॉलनट" असंच लिहून पाठवलं. नमुना खरा आणि माल खोटा, हीच या धंद्याची पद्धत आहे.

टेबल आलं तेव्हा देखणं होतं, नाकारत नाही. गडद तपकिरी, वर पीयू पॉलिशची चकाकी. आणि जड. जड आहे म्हणजे अस्सल आहे, असं त्यानेच ठासून सांगितलं, आणि हे मला खास लिहायचंय, कारण हा समज घरोघरी आहे. सुकवलेलं काळं अक्रोड घनमीटरला साधारण ६१० किलो भरतं. आंब्याचं लाकूडही त्याच आसपास, बऱ्याचदा थोडं जास्तच. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, तर ७००-७५० किलोपर्यंत जातो. म्हणजे टेबल उचलताना दोन माणसं धापा टाकत असतील तर त्यावरून अक्रोड सिद्ध होत नाही. उलट शंका घ्यायला जागा आहे.

सगळं उघडं पडलं ते पायांना नायलॉनचे बूट लावताना. फरशीवर ओरखडे येत होते म्हणून माझ्या माहेरचे जुने सुतार काका आले. त्यांनी टेबल उलटं केलं आणि पायाच्या तळाला ड्रिल लावलं. बिटाभोवती जो भुसा वर यायला लागला तो पांढरट पिवळा. काकांनी ड्रिल थांबवलं, चिमूटभर भुसा तळहातावर घेतला, खिडकीपाशी नेला. मग दुसऱ्या पायाला भोक पाडलं. तसाच. "ताई, अक्रोडाचा भुसा तपकिरी पडतो. हा आंबा आहे. रंग फक्त वरवर बसलाय, बघा." भोकाच्या कडेला खरंच नखाच्या जाडीपेक्षाही पातळ तपकिरी थर दिसत होता आणि आत सगळं फिकट.

मग त्यांनी वरच्या फळीकडे मोर्चा वळवला. वरून पाहिलं तर कमानीसारखी नक्षी होती, पण तीच नक्षी थोड्या थोड्या अंतरावर पुन्हा पुन्हा येत होती. खऱ्या फळ्या एकमेकींच्या जुळ्या नसतात. एकाच ओंडक्यातून एकामागून एक काढलेले विनियरचे पापुद्रे शेजारी शेजारी चिकटवले की अशी पुनरावृत्ती दिसते. कडेला लावलेली लिपिंगची पट्टी काकांनी पटाशीने जराशी उचलली, तर खाली एमडीएफ. वरच्या रेघा कडेवरून खाली उतरत नव्हत्या, पट्टीपाशी थांबत होत्या. खऱ्या फळीत टोकाला वर्षाची वलयं आणि बारीक छिद्रं डोळ्यांनी दिसतात, अक्रोडात ती वलयाच्या सुरुवातीला मोठी आणि शेवटाकडे लहान होत जातात. आमच्या टेबलाच्या टोकाला यातलं काहीच नव्हतं.

एक गोष्ट स्पष्ट करते. विनियर वाईट नसतं. वॉर्डरोबच्या सात फुटी शटरला चांगल्या प्लायवर अक्रोडाचं विनियर हाच शहाणा पर्याय आहे. तेवढं उंच शटर अख्ख्या लाकडात केलं तर ते वाकण्याची भीती असते. प्रश्न आहे तो विनियरला सॉलिड म्हणून सॉलिडचा भाव लावण्याचा.

याच अंगाने त्याची आणखी एक थाप लक्षात आली. "आमचं वॉलनट हलतच नाही," असं तो म्हणाला होता. लाकूड हलतंच, म्हणजे हवेनुसार फुगतं आणि आकसतं. भट्टीत सुकवलेल्या अक्रोडात ६ ते ८ टक्के ओल असते. नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हातून जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ते आलं की ओल वाढते, आणि तीन फूट रुंदीची फळी आडवी सात-आठ मिलिमीटर सहज फुगते. म्हणून जाणता सुतार वरची फळी खालच्या चौकटीला पक्की ठोकत नाही, स्क्रूसाठी लांबट खाचा ठेवतो किंवा क्लिप वापरतो. आमच्या टेबलाची फळी खालून घट्ट स्क्रूंनी आवळलेली होती आणि अख्ख्या पावसाळ्यात केसभरही हलली नव्हती. अख्खं लाकूड असतं तर एवढं आवळल्यावर चिरलं असतं किंवा वाकलं असतं.

लुबाडणूक मापातही होती. बिलात टेबलासाठी ९ घनफूट लाकूड लावलं होतं. काकांनी टेप लावून हिशोब केला. सहा बाय तीन फुटांची दीड इंची फळी म्हणजे सव्वादोन घनफूट. चार पाय आणि खालच्या पट्ट्या मिळून एकच्या आसपास. सगळं मिळून साडेतीनच्या आत. अक्रोडात गाठी आणि पांढरा भाग काढून टाकावा लागतो, रंध्यात जाडी जाते, म्हणून घट बरीच येते. ती उदारपणे धरली तरी आकडा पाचच्या पुढे जात नाही. आम्हाला कापलेल्या फळ्यांची यादी त्याने कधी दाखवलीच नाही.

मी फोन केला तेव्हा मालकाचं उत्तर तयार होतं: "ताई, बिलात वॉलनट फिनिश लिहिलंय." आणि खरंच, कोटेशनमध्ये "वॉलनट टेबल" होतं, पैसे पूर्ण घेतल्यावर आलेल्या बिलात मात्र "वॉलनट फिनिश डायनिंग सेट" झालं होतं, म्हणजे नुसता अक्रोडासारखा रंग. दुसऱ्या एका दुकानदाराने तर मला सांगितलं की शिरीषाचं लाकूड बाजारात ईस्ट इंडियन वॉलनट या नावाने चालतं, आफ्रिकन वॉलनटही वेगळंच झाड आहे, आणि यातलं एकही अक्रोड नाही. तेव्हा कोटेशनवर झाडाचं शास्त्रीय नावच लिहून घ्या: अमेरिकन असेल तर जुग्लान्स नायग्रा, काश्मिरी असेल तर जुग्लान्स रेजिया. सोबत "अख्खं लाकूड, विनियर नाही, रंग दिलेला नाही" हे वाक्य आणि प्रत्येक भागाचं माप. जो प्रामाणिक आहे तो हे लिहून द्यायला का कू करणार नाही.

पॉलिशच्या आधी माल बघायला जा, हे मी प्रत्येकीला सांगते. पीयू चढल्यावर वरून थिनर लावून काही कळत नाही. फळीची खालची बाजू, ड्रॉवरचा आतला भाग, जिथे पॉलिश नाही तिथे कापसाचा बोळा थिनरमध्ये भिजवून घासा. बोळ्यावर तपकिरी रंग उतरला तर तो बहुतेक डब्यातला रंग आहे. कापलेलं टोक बघा, आणि एखादा तुकडा मागून घ्या. सगळ्याच फळ्या एकसारख्या गडद, कुठेही फिकट-गडद फरक नाही, असं दिसलं तर तिथेच विचारा. मात्र पांढरा पट्टा दिसत नाही एवढ्यावरून कोणावर आरोप करू नका, कारण अमेरिकेत अक्रोड वाफेवर ठेवून तो भाग गडद करण्याची रीत आहे.

आम्ही पायाचा तुकडा बंगळुरूच्या लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेकडे पाठवला. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतही लाकूड ओळखून देतात. लेखी अहवाल आला: मँगिफेरा इंडिका, म्हणजे आंबा. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. तेव्हा कुठे मालक घरी आला आणि फक्त पाय बदलून देतो म्हणाला. आम्ही नकार दिला. आता जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात दावा दाखल आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात दावा करता येतो. आमच्या बाजूने सगळ्यात भक्कम कागद ठरतोय तो त्याचाच "सॉलिड अमेरिकन वॉलनट" असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज.

नाशिकमध्ये कुणी अलीकडे वॉलनटचा डायनिंग सेट घेतला असेल तर टेबल उलटं करून पायाच्या तळाला एक छोटं भोक पाडून बघा आणि भुशाचा फोटो तारखेसह जपून ठेवा. दाव्याला मुदत दोन वर्षांची आहे. बिल आणि कोटेशन दोन्ही सांभाळा, आणि मालकाशी जे बोलायचं ते फोनवर न बोलता लिहूनच बोला.