पावतीवर ‘टीक’ लिहिलं होतं

आईचे गुडघे फारच दुखायला लागले, तेव्हा भोरजवळचं गावचं घर बंद करून तिला आमच्याकडे पुण्याला आणायचं ठरलं. तिच्यासाठी सगळ्यात आधी हवा होता बेड. बसता-उठताना गुडघ्यांवर भार येणार नाही एवढा उंच, खाली सामानाला जागा असलेला आणि सागाचा. सागाची अट तिची होती. गावी माजघरात तिच्या सासऱ्यांनी करून घेतलेला सागाचा पलंग होता. वाटणीत तो चुलत्यांकडे गेला, पण आजही तो कुरकुरत नाही.

हे लिहितेय ते एवढ्याचसाठी, की सणासुदीला किंवा नव्या घरासाठी फर्निचर घेणाऱ्या कुणावर आमच्यासारखी वेळ येऊ नये.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत हमरस्त्यालगतच्या एका मोठ्या दुकानात गेलो. बाहेर ‘कारखान्याच्या भावात’ असा फलक. आम्ही सागाचा बेड मागितला, तर विक्रेता थेट एका बेडपाशी घेऊन गेला. ‘‘हा घ्या ताई, सागवानी. मावशींना नातवंडांपर्यंत पुरेल.’’ किंमत सांगितली ७२ हजार. मग नवऱ्याने घासाघीस सुरू केली. साठ, पंचावन्न, मालकाला फोन, चहा, पन्नास. आम्ही उठून दारापर्यंत गेलो, मागून हाक आली. शेवटी ४३ हजारांवर सौदा ठरला. परतताना गाडीत आम्ही दोघं खुश होतो.

आज मागे वळून बघते तेव्हा हेच सगळ्यात जास्त खुपतं. दोन तास आम्ही फक्त आकड्यांवर बोललो. लाकडावर एक प्रश्न विचारला नाही, एक कड बोटाने चाचपून पाहिली नाही. ‘‘उचलून बघा, किती जड आहे,’’ असं तो म्हणाला आणि एका कोपऱ्याला हात लावून आम्ही मान डोलावली. तेव्हा माहीत नव्हतं, की वजनावरून सागाची खात्री होतच नाही. वाळलेला साग घनफुटाला साधारण १८-१९ किलो भरतो. भुसा आणि गोंद दाबून केलेला पार्टिकल बोर्डही जवळपास तेवढाच भरतो आणि एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू गोंदात दाबून केलेली फळी, तर त्याहून जड असतो.

बेड घरी आला त्या दिवशी आई खोलीच्या दारातच थांबली. ‘‘अगं, याला औषधासारखा वास येतोय. सागाचा वास असा नसतो.’’ मी म्हणाले, नवं पॉलिश आहे, जाईल आठ दिवसांत. डोळे चुरचुरतात असंही ती एकदा म्हणाली, तेव्हा मी खिडकी उघडली. एवढंच केलं. तो वास पॉलिशचा नव्हता. पार्टिकल बोर्डात जो गोंद वापरतात त्यातून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू सुटत राहतो, त्यानेच डोळे चुरचुरतात. आईचं ऐकून त्याच दिवशी माल परत पाठवला असता तर पुढचं काही घडलं नसतं.

जूनमध्ये खालच्या कडा फुगल्या. रोज ओल्या फडक्याने फरशी पुसली जाते, तेवढ्या पाण्यानेच. ऑगस्टमध्ये, गौरी-गणपतीच्या तयारीत घर असताना एका सकाळी पाहिलं तर आई खाली सतरंजीवर झोपलेली. चार दिवस ती तशीच झोपत होती. बेडची मधली फळी खचली होती, आणि सणाच्या तोंडावर आम्हाला खर्चात पाडायचं नाही म्हणून ती बोलली नव्हती. ज्या गुडघ्यांसाठी बेड आणला, ते गुडघे धरून ती चार दिवस जमिनीवरून उठत होती.

आमच्या ओळखीचे सुतारकाका आले. त्यांनी गादी काढली, खचलेल्या फळीचा स्क्रू पान्याने नाही, नुसत्या दोन बोटांनी ओढला. तो सरळ हातात आला आणि त्याच्यामागून तपकिरी भुगा फरशीवर सांडला. ओला, चहाच्या चोथ्यासारखा. मग त्यांनी डोक्याकडच्या फळीची मागची कड पटाशीने जराशी सोलली. वर कागदाएवढा पातळ सागाचा पापुद्रा, आत एमडीएफ. खालचा सगळा खण पार्टिकल बोर्डाचा, त्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद. पाय तेवढे खऱ्या लाकडाचे, पण कुठल्या तरी हलक्या जंगली लाकडाला सागाचा रंग मारलेला.

‘‘ताई, ही रेष बघा,’’ काका म्हणाले. ‘‘खऱ्या फळीत वरची रेष कडेवर उतरते आणि टोकाला गोल होऊन दिसते. इथं वर रेषा आहेत आणि कडेला चिकटपट्टी.’’ दोन फुटांवर तीच रेष, तीच गाठ पुन्हा आली होती. छापील कागदावर ती येणारच. दुकानात खाली वाकून, ड्रॉवरच्या आतून, मागच्या बाजूने पाहिलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. दर्शनी बाजू सगळेच छान करतात.

काकांनी हिशेबही मांडला. असा खणाचा डबलबेड अख्ख्या सागात करायचा तर आठ-नऊ घनफूट लाकूड लागतं. नंतर मी भवानी पेठेत वखारीत विचारलं, तेव्हा बऱ्यापैकी सागाला घनफुटाला चार हजारांच्या पुढे सांगितले. म्हणजे नुसतं लाकूडच बत्तीस-पस्तीस हजारांचं. त्यावर प्लाय, बिजागऱ्या, मजुरी, पॉलिश, दुकानाचं भाडं आणि नफा. ४३ हजारांत सागाचा बेड त्या दुकानाला देताच आला नसता. हा हिशेब आधी केला असता तर ७२ वरून ४३ वर उतरलेला भाव ऐकून आनंद नाही, शंका आली असती.

पार्टिकल बोर्ड वाईटच, असं माझं म्हणणं नाही. कोरड्या जागी पुस्तकांच्या कपाटाला, त्याच्या किमतीत, तो चालतो. फक्त पाणी लागता कामा नये आणि घर बदलताना खोलून पुन्हा जोडायचा असेल तर स्क्रू आधीसारखे धरत नाहीत. प्लाय घ्यायचा तर त्यावर आयएसआयचा शिक्का असतो. साध्या वापराच्या प्लायला आयएस ३०३, पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायला आयएस ७१०. तो शिक्का फळी कापून रंगवण्याआधी बघायचा. जे आहे ते सांगून विकलं असतं तर आम्ही कदाचित पंचवीस हजारांत तेच घेतलं असतं आणि पाण्यापासून जपलं असतं.

दुकानात गेलो तर आधी ‘‘पाणी लागलंय, वॉरंटीत बसत नाही.’’ सागाचा विषय काढला तेव्हा मालकाने आमचीच पावती आमच्यासमोर धरली. तिच्यावर होतं : बेड विथ स्टोरेज (टीक), १ नग. टीक म्हणजे इंग्रजीत साग, असंच आम्ही धरलं होतं. ‘‘टीक म्हणजे शेड आहे, मॅडम. टीक फिनिश. सागाचं लाकूड असं कुठं लिहिलंय?’’ विक्रेत्याचा जुना मेसेज शोधून काढला. त्यातही शब्द होते ‘सागवान पॉलिश’. तोंडी सागवानी, लिहिताना टीक, पॉलिश, फिनिश. हे चुकून होत नाही. हा शब्द असाच लिहायचा, हे त्यांचं ठरलेलं आहे.

म्हणून कळकळीने सांगते, पैसे देण्याआधी पावतीवर लिहून घ्या : पाय कोणत्या लाकडाचे, फळ्या कशाच्या, खण कशाचा, प्लाय असेल तर कोणत्या शिक्क्याचा. खरं विकणारा लिहून देतो. ‘‘पावतीवर एवढं मावत नाही’’ म्हणाला तर तिथून निघा. आणि पैसे ऑनलाइनच द्या. आम्ही निम्मे रोख दिले होते, त्यामुळे पावतीवर २२ हजारच आहेत. बाकीच्या २१ हजारांचा आमच्याकडे कसलाही पुरावा नाही.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, दुकानाने उत्तर दिलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि वस्तूला मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. गरज पडली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, त्याचा खर्च मात्र आधी तक्रारदाराने भरायचा असतो.

तारखा सुरू आहेत. आई सध्या लोखंडी कॉटवर झोपते. बेडचे तुकडे पुरावा म्हणून टाकता येत नाहीत. ते बाल्कनीत रचून ठेवलेत, ताडपत्रीने झाकून. पाऊस आला की सगळ्यात आधी उठून आईच ताडपत्रीची टोकं नीट खोचते.