तूरँ की आयगो बुलिदो: रात्रीच्या जेवणासाठी कोणते फ्रेंच लसूण सूप करावे?

लसणाचे फ्रेंच सूप घरी करायचे म्हटले, की सर्वांत आधी एक निवड करावी लागते आणि बहुतेक पाककृतींमध्ये तिचा उल्लेखही नसतो. दक्षिण फ्रान्समध्ये लसणाची दोन निरनिराळी सूपे पिढ्यानपिढ्या होत आली आहेत. नैऋत्येकडील पेरिगोर आणि गॅस्कनी या भागांत होते ते तूरँ, तर भूमध्य समुद्राकाठच्या प्रोव्हान्समध्ये होते ते आयगो बुलिदो. दोन्ही शेतकऱ्यांच्या घरातली आहेत आणि दोन्हींचा आधार लसूण, पाणी व शिळा पाव हाच आहे. साम्य मात्र तिथेच संपते. तूरँमध्ये लसूण चरबीत परतला जातो, पिठाने दाटपणा आणला जातो आणि शेवटी अंडे व व्हिनेगर घातले जाते. आयगो बुलिदोमध्ये लसूण नुसत्या पाण्यात उकळतो आणि तेल सर्वांत शेवटी, पावावर पडते. या दोन रीतींची सरमिसळ केली, म्हणजे उकळलेल्या लसणात नंतर पीठ कालवले किंवा परतलेल्या लसणात मूठभर सुक्या सुगंधी वनस्पती टाकल्या, तर हाती येणाऱ्या पदार्थात पहिल्याचा भरदारपणा नसतो आणि दुसऱ्याचा स्वच्छ स्वादही नसतो. म्हणून आधी एक सूप निवडावे आणि मग त्याच्या रीतीने शेवटपर्यंत जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन्हींमधला मूळ फरक स्निग्ध पदार्थाचा आहे आणि तो भूगोलातून आलेला आहे. पेरिगोर हा बदके आणि हंस पाळणारा प्रदेश. तिथे मांस त्याच पक्ष्याच्या चरबीत मंद शिजवून, चरबीखालीच टिकवून ठेवण्याची पद्धत आहे, त्यामुळे घरात चरबीचे भांडे कायम असते आणि सूपाची सुरुवात त्या भांड्यातल्या चमचाभर चरबीने होते. प्रोव्हान्समध्ये ऑलिव्हची झाडे आहेत, डोंगरउतारावर सेज आणि थाइम या सुगंधी पानांच्या वनस्पती आपोआप उगवतात, त्यामुळे तिथले सूप तेल आणि वनस्पती यांवर उभे राहिले. हे लक्षात ठेवले, की आपल्या स्वयंपाकघरात कशाच्या जागी काय चालेल, याचा निर्णय सोपा होतो. तूरँमध्ये चरबी हे परतण्याचे माध्यम आहे, म्हणून तिथे लोणी चालते आणि वास नसलेले साधे तेलही चालते. आयगो बुलिदोमध्ये तेल हाच स्वाद आहे, म्हणून तिथे ऑलिव्ह तेलाला पर्याय नाही. शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल घालून केलेले सूप म्हणजे लसणाचे पाणी होते.

लसूण इतका भरपूर घालूनही ही सूपे तिखट का लागत नाहीत, अशी शंका पहिल्यांदा करणाऱ्याला हमखास येते. लसणाचा झणका अखंड पाकळीत तयार नसतो. पाकळी चिरली किंवा ठेचली, की तिच्यातील ॲलिइन या घटकावर ॲलिइनेज या विकराची क्रिया होते आणि ॲलिसिन तयार होते. झोंबणारी चव त्याची. उष्णता मिळाली, की ते विकर निकामी होते आणि आधी तयार झालेले ॲलिसिनही मोडते. त्यामुळे पाकळी जितकी अखंड आणि जितकी लवकर गरम पाण्यात जाईल तितकी चव सौम्य, आणि ठेचून जितका वेळ बाहेर ठेवाल तितकी उग्र. आयगो बुलिदोमध्ये पाकळ्या सुरीच्या पात्याने फक्त दाबून लगेच पाण्यात टाकतात. तूरँमध्ये त्यांच्या पातळ चकत्या करतात, पण त्या मंद आचेवर स्निग्धात शिजतात. एक पथ्य मात्र दोन्हींना सारखेच लागू आहे. जुन्या लसणाच्या पाकळीच्या मधोमध हिरवा कोंब येतो आणि तो कडवट असतो. आपल्याकडे नवा लसूण उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात येतो आणि पावसाळा उलटला की साठवणीतल्या गड्ड्यांना कोंब फुटू लागतात. तेव्हा पाकळी उभी चिरून तो कोंब काढून टाकावा.

तूरँ चार माणसांसाठी करायचे असेल तर लसणाच्या मोठ्या बारा-चौदा पाकळ्या, आणि गावरान बारीक लसूण असेल तर त्याच्या दुप्पट, एक मध्यम कांदा, दोन मोठे चमचे लोणी किंवा तेल, एक मोठा चमचा मैदा, सव्वा लिटर पाणी, दोन अंडी, एक मोठा चमचा व्हिनेगर, मीठ आणि भरपूर काळी मिरी एवढे साहित्य पुरते. जाड बुडाच्या पातेल्यात उभा चिरलेला कांदा अगदी मंद आचेवर मऊ होऊ द्यावा आणि मग लसणाच्या चकत्या घालाव्यात. इथे डोळ्यांनी राखण करावी लागते. चकती आधी पारदर्शक होते, तिच्या कडा जराशा मुरडतात, चरबीला गोडसर वास सुटतो, आणि नेमक्या याच क्षणी मैदा घालायचा असतो. आणखी मिनिटभर वाट पाहिली आणि कडांना तपकिरी रेघ दिसली, की सबंध सूपात कडवटपणा उतरतो आणि नंतर घातलेले व्हिनेगर तो आणखी वर आणते. डाळीवरच्या फोडणीत खरपूस लसूण आपल्याला हवासा वाटतो, त्यामुळे मराठी हाताला इथे थांबणे जड जाते; पण थांबावेच लागते. मैदा दोन मिनिटे परतून, गुठळ्या होऊ न देता थोडे थोडे पाणी घालावे आणि झाकण ठेवून वीस ते पंचवीस मिनिटे हलकी उकळी चालू ठेवावी.

अंड्याचा भाग शेवटी येतो. पांढरा भाग आणि बलक वेगळे करावेत. पांढरा भाग काट्याने हलकेच मोडून, सूप एका दिशेने ढवळत असताना बारीक धारेने सोडला, की त्याचे पांढरे तंतू होतात आणि सूपभर पसरतात. बलक व्हिनेगरबरोबर फेटून त्यात एक पळी गरम सूप हळूहळू मिसळावे आणि मग ते मिश्रण पातेल्यात ओतून मंद आचेवर दोन-तीन मिनिटे सतत ढवळत राहावे. सूप किंचित दाट होते आणि त्याला फिकट पिवळा रंग येतो. उकळी मात्र येऊ द्यायची नाही. ताकाच्या कढीत डाळीचे पीठ जे काम करते तेच इथे मैदा करतो, म्हणजे फाटण्यापासून काहीसे संरक्षण देतो. पण कढीला उकळी सोसते, तशी या सूपाला सोसत नाही. घरात लहान मुले, गरोदर स्त्री किंवा वयस्क माणसे असतील तर अंडे कच्चे राहू नये, यासाठी स्वयंपाकाचा थर्मामीटर वापरून सूप ७५ अंश सेल्सियसपर्यंत नेणे चांगले. त्या तापमानाला ते सुरक्षितही असते आणि गुळगुळीतही राहते.

आयगो बुलिदोला इतकी राखण लागत नाही. एक लिटर पाण्यात दाबलेल्या दहा-बारा पाकळ्या, मीठ आणि एक तेजपान (लॉरेलचे पान, आपले तमालपत्र नव्हे) घालून पंधरा मिनिटे उकळावे, आच बंद करून सेजची चार-पाच पाने व थाइमची एक काडी टाकावी, झाकण ठेवून दहा मिनिटे मुरू द्यावे आणि गाळावे. सेज उकळीत ठेवले तर त्याचा औषधी वास सगळ्यावर मात करतो, म्हणून ते शेवटी. वाडग्यात भाजलेल्या पावाची जाड फोड ठेवून तिच्यावर सढळ हाताने ऑलिव्ह तेल सोडावे, आवडत असेल तर किसलेले चीज घालावे आणि वरून कढत सूप ओतावे. काही घरांत याही सूपात बलक फेटतात किंवा पाण्यात शिजवलेले अंडे सोडतात. मात्र यात पीठ नसल्यामुळे बलक फार लवकर फाटतो, आणि अंड्यावाचूनही हे सूप पूर्ण असते.

साहित्याच्या बाजूने पाहिले तर महाराष्ट्रातल्या घरात तूरँचे पारडे जड आहे. त्याला लागणारी जवळपास प्रत्येक वस्तू कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळते. व्हिनेगरकडे मात्र लक्ष द्यावे. फ्रान्समध्ये वाइनपासून केलेले व्हिनेगर वापरतात. आपल्याकडचे स्वस्त कृत्रिम व्हिनेगर त्यापुढे फार तीक्ष्ण लागते, म्हणून ते निम्मेच घ्यावे. गोव्यात माडाच्या सुरेपासून केलेले व्हिनेगर मिळते, त्याची आंबट चव मऊ असते आणि ती या सूपाला फार छान जुळते. आयगो बुलिदोची अडचण वेगळी आहे. त्यातील तेजपान म्हणजे भूमध्य प्रदेशातील लॉरेलचे पान, आणि आपले तमालपत्र हे निराळ्या झाडाचे, दालचिनीच्या कुळातले असते. तमालपत्रावर देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा दिसतात, तर लॉरेलच्या पानावर मधली एकच शीर ठळक असते. तमालपत्र घातले तर सूपाला मसालेभाताची आठवण करून देणारा वास येतो. लॉरेल नसेल तर पान न घालणेच बरे. सुके सेज मोठ्या शहरांतील दुकानांत मिळते, परंतु बरणी जुनी असेल तर त्यात वासच उरलेला नसतो. जे मराठी वाचक युरोपात राहतात त्यांच्यासाठी हा सगळा हिशेब उलटा होतो: तिथे सेजची कुंडी खिडकीत असू शकते आणि बदकाची चरबी बरणीत विकत मिळते.

पावाचा विचार दोन्ही सूपांसाठी करावा लागतो. आपला मऊ लादीपाव सूपात पडताच विरघळून लगदा होतो. तूरँ दाट असल्यामुळे त्यात हे एक वेळ खपते, आयगो बुलिदोमध्ये मुळीच खपत नाही. गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाला, आणतो तो कडक उंडो पाव आदल्या दिवसाचा असला तर उत्तम. तो नसेल तर जाड कवचाच्या पावाच्या फोडी तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी कोरड्या होईपर्यंत भाजाव्यात.

आता खरा प्रश्न जेवणाचा. रात्री पोळी-भाजीऐवजी सूप करायचे असेल तर ते पोटाला पुरले पाहिजे, आणि इथे तूरँ सरळ पुढे जाते. अंडी, पीठ, लोणी आणि पाव मिळून ते एका वाडग्यातले जेवण होते. सोबत कोशिंबीर असली की आणखी काही लागत नाही. नैऋत्य फ्रान्समध्ये ते कष्टकऱ्यांचे सूप म्हणून टिकले. तळाशी थोडे सूप उरले की त्यात लाल वाइन ओतून वाडगा थेट तोंडाला लावण्याची तिथली जुनी रीत आहे, आणि लग्नाच्या रात्री नवदांपत्याला उठवून भरपूर मिरी घातलेले तूरँ पाजण्याची प्रथाही त्याच मुलखातली. आयगो बुलिदोचे काम दुसरे आहे. ते आजारातून उठलेल्याला किंवा जड मेजवानीनंतर पोटाला विसावा म्हणून देतात, आणि ते प्राण वाचवते अशा अर्थाची म्हणच प्रोव्हान्समध्ये आहे. दिवाळीत किंवा लग्नघरातून परतल्यावर, जेव्हा कोणालाच फारसे जेवायचे नसते, तेव्हा हेच सूप योग्य. भूक लागलेल्या शाळकरी मुलांपुढे ते एकटे ठेवले तर तासाभराने डबे उघडले जातील.

अंडे न खाणाऱ्या घरासाठी उत्तर जवळजवळ ठरलेलेच आहे. तूरँमधून अंडे काढले तर उरते ते लसणाचे पिठाळ सार, आणि त्याची भरपाई दुधाने किंवा साईने होत नाही, कारण व्हिनेगरसह बलकातून येणारी आंबट-स्निग्ध चव हाच त्याचा आत्मा आहे. अशा घराने आयगो बुलिदो निवडावे, चांगल्या ऑलिव्ह तेलाची एक छोटी बाटली आणावी, पावावर चीज घालावे आणि जोडीला उकडलेले बटाटे किंवा छोल्यांची कोशिंबीर ठेवावी.

तार्न जिल्ह्यातील लोत्रेक या गावचे सूपही कधी कधी पर्याय म्हणून सुचवले जाते. तिथल्या गुलाबी लसणाला १९६६ मध्ये ‘लाबेल रूझ’ हे फ्रेंच गुणवत्ताचिन्ह आणि १९९६ मध्ये युरोपीय भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ऑगस्टमधल्या लसूण उत्सवात हे सूप सगळ्यांना वाढतात. लसणाच्या पाण्यात बारीक शेवया शिजवून त्यात मोहरीच्या चटणीसह घोटलेले ताजे मेयोनेज मिसळतात. चव सुरेख असते, पण रोजच्या रात्री त्यासाठी मेयोनेज घोटत बसणे मला पटत नाही. त्यातली शेवयांची कल्पना मात्र उचलावी; मुलांसाठी पावाऐवजी मूठभर शेवया तूरँमध्येही छान लागतात.

तेव्हा अंडी चालत असतील आणि सूप हेच जेवण असेल, तर तूरँ करावे. त्याविरुद्ध एकच आक्षेप टिकतो: बलक घातलेले सूप पुन्हा गरम करताना फाटते, आणि आपल्या घरांत सगळे एकाच वेळी जेवायला बसतातच असे नाही. त्यावर उपाय आहे. पांढऱ्या भागाचे तंतू सोडेपर्यंतचे सूप एकदम करून ठेवावे आणि बलक-व्हिनेगरचे मिश्रण झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. जेवायला बसणाऱ्यांपुरते सूप छोट्या पातेल्यात काढून गरम करावे, दोन माणसांमागे एका बलकाच्या हिशेबाने मिश्रण त्यात घालून ढवळावे आणि लगेच वाढावे. कामावरून दहा वाजता येणाऱ्यासाठी उरलेले मूळ सूप गार झाल्यावर फ्रिजमध्ये जाते. तो आला की ते आधी चांगले उकळून, आच मंद करून त्यात त्याच्या वाट्याचा बलक घालायला पाच मिनिटे पुरतात.