पाच लाखांचं आयुष्मान कार्ड : काही महिने वापरल्यानंतर

कापूस वेचणी आणि केळीबागेच्या मजुरीवर चालणाऱ्या घरानं मोफत उपचारांचं हे सरकारी कार्ड काढावं का? काढावंच, आणि आधी घरातल्या आईचं काढावं. हप्ता नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरला जातो. मात्र ही रक्कम सगळ्या घराची मिळून आहे, माणशी नाही. आणि ती भरती झाल्यावरच लागू होते. नुसती ओपीडी, तापाच्या गोळ्या यात बसत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ होतो सुनेच्या नावात. माहेर शिरपूर, सासर यावल; रेशनकार्डात नाव अजून माहेरी, आधारवर वडिलांचं नाव, बँकेत नवऱ्याचं. केवायसीला नाव जुळलं नाही की अर्ज तिथंच अडकतो. म्हणून आधी माहेरच्या तहसीलच्या पुरवठा शाखेतून नाव कमी केल्याचा दाखला घ्या, मग सासरच्या रेशनकार्डात नाव चढवा आणि रेशनकार्डाच्या १२ अंकी नंबरावर ते ऑनलाइन दिसतंय का बघा. आधारवरचं नाव एरवी दोनदाच बदलता येतं, तेव्हा प्रत्येक अक्षर तपासून मगच अर्ज द्या. या सगळ्याला आठवडे जातात. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात धावपळ करण्यापेक्षा लग्न झालं त्याच वर्षी हे उरकलेलं बरं.

वेचणीच्या हंगामात बोटं इतकी फाटलेली असतात की मशीनवर ठसा उमटत नाही. मग ओटीपी उरतो, पण आधारला नंबर नवऱ्याचा आणि तो सुरतला कामाला! अशा वेळी कार्ड काढायच्या केंद्रावर चेहऱ्यावरून ओळख पटवायला सांगा.

साध्या बाळंतपणासाठी या कार्डावर अवलंबून राहू नका. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून प्रसूती, सिझेरियनसुद्धा, मोफत आहे. औषधं, रक्त, जेवण, नेण्या-आणण्याची गाडीही त्यातच. आजारी तान्ह्या बाळालाही हीच सोय आहे. कार्डाचा खरा उपयोग मोठ्या शस्त्रक्रियेला आणि अतिदक्षता विभागाला होतो. बाळाचं आधार अजून नसेल तर आईबापासोबतचा फोटो, जन्मदाखला आणि रेशनकार्ड घेऊन जा.

खासगी रुग्णालयात गेल्यावर डिपॉझिट भरण्याआधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनिसाचं, टेबल गाठा. तो आजार योजनेत आहे का, रुग्णालय त्याच उपचारासाठी योजनेत आहे का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत. तातडीच्या वेळी फोनवरून कळवून उपचार सुरू होतात, कागद मागून दिले तरी चालतात. एका खासगी दवाखान्यात कार्ड असूनही औषधं बाहेरून आणायला लावली होती, हे पूर्ण चुकीचं आहे. असं झालं तर पक्कं बिल मागा आणि योजनेच्या १४५५५ किंवा १५५३८८ या मदत क्रमांकावर तिथूनच फोन करा.

धडगाव, अक्कलकुव्याकडून ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या बाया-माणसांनी कार्ड सोबतच न्यावं. केंद्र सरकारच्या आयुष्मान यादीतल्या कुटुंबाला ते तिथल्या योजनेतल्या रुग्णालयातही चालतं. महात्मा फुले योजनेचा, म्हणजे राज्य सरकारच्या आरोग्य योजनेचा, लाभ मात्र महाराष्ट्राबाहेर धरून चालू नका.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड नीट वाचून घ्या. पुढच्या काही दिवसांची औषधं आणि फेरतपासणी योजनेच्या पॅकेजमध्येच असते, परतीचं एसटी भाडंसुद्धा. न मागितल्यास ते बहुतेक राहूनच जातं.