रेजेक्स की हाताने लिहिलेला पार्सर?
रेजेक्स म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना शोधणारं सूत्र; पार्सर म्हणजे मजकूर वाचून त्याची रचना ओळखणारा प्रोग्राम. कोथरूडमधल्या आमच्या छोट्या टीमने डॉक्युमेंटेशन टूलसाठी दोन्ही वाटा चालून पाहिल्या.

रेजेक्सने काम झटपट उभं राहतं. हेडिंग, लिंक, ठळक अक्षरं एका दुपारीत ओळखता येतात. साध्या मजकुरातल्या खुणांवरून वेब पान बनवणारं २००४ सालचं मूळ मार्कडाउनसुद्धा पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतल्या रेजेक्सवरच उभं होतं. पण मजकुरात चूक असली की रेजेक्स एवढंच सांगतं: जुळलं नाही. एका लांबलचक फाइलमध्ये कोड ब्लॉक (खुणांमध्ये बंद केलेला कोडचा तुकडा) बंद करायचा राहिला, पुढचं अख्खं पान कोड म्हणून छापलं गेलं आणि टूलने चकार शब्द काढला नाही. कारण शोधण्यात सकाळ गेली.

हाताने लिहिलेल्या पार्सरला वेळ लागतो, कोडही बराच वाढतो. तरी मी त्याच्याच बाजूने आहे. तो अक्षर-अक्षर पुढे सरकतो, म्हणून आपण कुठल्या ओळीत, कशाच्या आत आहोत हे त्याला ठाऊक असतं. आता संदेश येतो: ‘ओळ ४२: इथे सुरू झालेला कोड ब्लॉक बंद केलेला नाही.’ फाइलची शेवटची ओळ नव्हे, ब्लॉक जिथे सुरू झाला ती दाखवायची. लिहिणाऱ्याला तिथूनच शोध घ्यायचा असतो.

सुटी चिन्हं ओळखायला रेजेक्स आम्हीही ठेवलंय. फक्त मराठी हेडिंगवर ते जपून वापरा. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या अंगभूत रेजेक्समध्ये ‘शब्दातलं अक्षर’ या खुणेत काना-मात्रा-वेलांटी बसत नाहीत. ‘पुणे’ या हेडिंगचे ‘प’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे हाती येतात, आणि त्यावरून बनवलेली लिंक ओळखूही येत नाही.