नळीतला पीळ: देवगडच्या सड्यावर एअर रायफलचे दहा महिने

नोव्हेंबरात घेतलेली माझी पीसीपी (टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) एअर रायफल आता दहा महिन्यांची झाली. मधे एक अख्खा पावसाळा पडून गेला, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. ४.५ मिमीची, २० ज्यूलच्या आतली, म्हणजे परवाना न लागणारी. कंपनीचं नाव देत नाही, कारण माझी तक्रार रायफलपेक्षा माहितीपत्रकावर जास्त आहे. त्यात नळीची लांबी होती, दस्त्याचं लाकूड कुठलं ते होतं, पिशवी फुकट मिळेल हेसुद्धा होतं. नळीतला पीळ किती, तेवढं मात्र नव्हतं.

पीळ म्हणजे ट्विस्ट रेट. नळीच्या आत कोरलेले आटे जितक्या अंतरात एक पूर्ण फेरा घेतात, ते अंतर. आकडा लहान तितका पीळ घट्ट. मी फोन केला. "सर, स्टँडर्ड ट्विस्ट आहे." स्टँडर्ड म्हणजे किती? "स्टँडर्डच, सर."

मग स्वतःच मोजला. साफसफाईच्या सळीला चिंधी घट्ट बसवली (सळी मुठीत मोकळी फिरणारी हवी, नाहीतर मोजमाप फसतं), सळीवर मार्करने खूण केली आणि हळूहळू आत ढकलत गेलो. खूण वरून बरोबर खाली आली की अर्धा फेरा. चार वेळा मोजलं, दर वेळी २२ ते २३ सेंटिमीटरच्या मधे आलं. दुप्पट केली की ४५० मिमीच्या आसपास. एअर रायफलच्या नळ्यांत हा अगदी नेहमीचा आकडा. म्हणजे फोनवरचा मुलगा खोटं बोलत नव्हता, त्याला फक्त माहीत नव्हतं.

नेमबाजीची जागा म्हणजे आमच्या कलमांच्या पलीकडची बंद पडलेली चिरेखाण. तीन बाजूंना उभ्या जांभ्याच्या भिंती, समोरच्या भिंतीला वाळूच्या गोणींची रास. गोण्या हव्यातच, जांभ्यावरून छर्रा उलटा येऊ शकतो. खाणीत उतरलं की वारा पडतो, हा मोठा फायदा. वर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, नेम लावून बसणं म्हणजे वेळ घालवणं; देवगडला पवनचक्क्या उगाच नाही उभारल्या.

साध्या गोल डोक्याच्या ८.४ ग्रेनच्या (साधारण अर्ध्या ग्रॅमच्या) छर्‍याने पहिल्याच आठवड्यात खूश केलं. २५ मीटरवर पाच छर्‍यांचा पुंजका नखाएवढा, ५० मीटरवर साधारण साडेचार सेंटिमीटरचा. छर्रा सेकंदाला २५० मीटरने निघतो आणि ४५० मिमीत एक फेरा घेतो, म्हणजे सेकंदाला साडेपाचशेच्या वर फेरे, मिनिटाला तेहेतीस हजार. आमच्या काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "इतक्या गरगरान जाता कशाक?" प्रश्न बरोबर आहे. कारण साध्या छर्‍याला खरं तर इतकं फिरायची फारशी गरजच नसते. त्याचं डोकं जड, कंबर बारीक, मागचा घेर पोकळ. हवा तो घेर मागे ओढून धरते आणि डोकं पुढे राहतं. बॅडमिंटनचं फूल कसंही मारलं तरी बूच पुढे करूनच जातं, तसं. पिळाचं काम इथे एवढंच की छर्‍यातल्या बारीकसारीक दोषांचा परिणाम एकाच बाजूला साचू नये.

खरी मजा, आणि माझे पैसे वाया जाण्याची गोष्ट, स्लगपासून सुरू होते. स्लग म्हणजे गोळीसारखी सरळ शिशाची दांडी, कंबर नाही, घेर नाही. दुकानदार म्हणाला, कुठल्याही रायफलला चालते, लांबवर वार्‍याला दाद देत नाही. दोन डबे घेतले. २५ मीटरवर बरं वाटलं. ५० मीटरवर पुंजका वीतभर, आणि कागदावरची भोकं गोल नाहीत, लांबट. एक तर चक्क आडवं. म्हणजे गोळी वाटेत कलंडत होती.

याचं कारण १८७९ सालापासून कागदावर आहे. इंग्लंडात वुलिचला तोफखान्याच्या अधिकार्‍यांना गणित शिकवणार्‍या ग्रीनहिलने एक ढोबळ सूत्र दिलं: गोळीच्या जाडीचा वर्ग गुणिले १५०, भागिले गोळीची लांबी. उत्तर येतं ते लागणारा पीळ. ४.५ चा वर्ग २०.२५, गुणिले १५० म्हणजे साधारण ३०३७. माझी स्लग साडेआठ मिमी लांब, म्हणून पीळ हवा ३५७ मिमीचा. नळीत आहे ४५०. इथे मागे घेर नाही, हवा गोळीचं नाक उलट ढकलते, तोल सांभाळायचा तो फक्त फिरण्याने. आणि फिरणंच अपुरं. सूत्रात गोळीच्या वजनाचा आकडा नाही, हे मला सगळ्यात पटायला जड गेलं. लोक "जड गोळीला घट्ट पीळ" म्हणतात, पण मुद्दा लांबीचा असतो. जड गोळी बहुतेक वेळा लांबही असते, म्हणून गल्लत होते.

मग मुद्दाम आखूड, सहा मिमीच्या स्लग मागवल्या. ३०३७ भागिले ६, म्हणजे ५०६. माझा पीळ त्याहून घट्ट, म्हणजे चालायला हवं. चाललं. ५० मीटरवर तीन सेंटिमीटर, भोकं गोल. रायफल तीच, हात तेच, खाण तीच.

अमेरिकनांनी हाच धडा मोठ्या प्रमाणावर घेतला. त्यांच्या सैन्याच्या एम-१६ रायफलची सुरुवातीची नळी १४ इंचांत एक फेरा देणारी होती. कडक थंडीत हवा दाट झाली की गोळ्या डळमळू लागल्या, म्हणून पीळ १२ इंचांवर आणला. पुढे एम-१६ए२ ला लांब गोळ्यांसाठी तो ७ इंचांपर्यंत घट्ट केला.

मग सरसकट घट्टच पीळ का देत नाहीत? आमच्याकडे काथ्या पिळणार्‍या घरात वाढलेल्याला हे सांगायला नको: सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. छर्‍याचंही तसंच. हवेने त्याचा पुढे जाण्याचा वेग भराभर मरतो, फिरणं मात्र फारसं कमी होत नाही. जरुरीपेक्षा जास्त पिळलेला साधा छर्रा लांबवर वाट खाली वाकली तरी नाक वळवायला आडमुठेपणा करतो, आणि त्यात थोडा जरी असमतोल असला तरी मळसूत्रासारखा घुमत जातो. ज्याला साधे छर्रेच मारायचे आहेत त्याने "स्लगची नळी" म्हणून जास्त पैसे मोजू नयेत, असं माझं मत.

पावसाळ्याबद्दल. जुलैत २५ मीटरवरचा पुंजका दुपटीने पसरला आणि मी पुन्हा पिळाला शिव्या घालायला बसलो. शेजारचे म्हणाले, दमट हवेत छर्रा जड होतो. तसं काही नसतं. वाफेची हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते, आणि या अंतरावर तो फरक दिसतही नाही. भानगड नळीच्या तोंडाशी होती. खारी हवा लागून तिथे तांबूस डाग धरला होता आणि आत शिशाचा थर. डाग पुसला, फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) बोळ्यांनी नळी साफ केली, पुंजका परत जागेवर. हातपंपाने हवा भरताना ओल आत जाते तेही लक्षात ठेवा. पंपाला ओल शोषणार्‍या दाण्यांचा फिल्टर लावून घ्या आणि दाणे दर आठवड्याला तव्यावर शेका. आमच्या घरात त्यासाठी वेगळा तवा आणावा लागला, तो खर्च धरा.

त्या लांब स्लगांचा एक डबा न उघडलेलाच होता. दुकानदाराने परत घेतला नाही. शेवटी काकांनी शिसं वितळवून पागाला, मासे धरायच्या जाळ्याला, लावलं.